विश्लेषण : स्वतःलाच खाणारी पेशी मरते की तगते? फळमाशीच्या कोषातून काय उत्तर मिळते?

‘उपाशी राहा, ऑटोफॅजी सुरू होईल आणि कर्करोगाच्या पेशी शरीरच खाऊन टाकेल’ अशा आशयाचे संदेश श्रावण किंवा नवरात्र जवळ आले की समाजमाध्यमांवर फिरू लागतात. सोबत २०१६च्या नोबेल पुरस्काराचा दाखलाही जोडलेला असतो. ऑटोफॅजीमुळे पेशी मरू शकते, हे खरे आहे. मात्र ती कोणत्या अवयवात, कोणत्या वेळी आणि कोणाच्या हुकमाने मरते, याचे सर्वात स्पष्ट पुरावे मिळाले ते केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटात. ते पुरावे नीट वाचले, तर फिरत्या संदेशापेक्षा फार वेगळे चित्र समोर येते.

ही फळमाशी नेमकी कोणती?

दादरच्या मंडईत संध्याकाळी उरलेल्या केळ्यांच्या घडावर किंवा घरात चार दिवस राहिलेल्या चिकूवर जी बारीक, लालसर डोळ्यांची चिलटे जमतात, ती ही माशी. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. कोकणातला आंबा बागायतदार ‘फळमाशी’ म्हणतो, ती वेगळी. ती मोठी असते, चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते आणि तिच्यासाठी बागेत सापळे टांगावे लागतात. चिलटाला पिकून आंबू लागलेले फळ लागते. त्याची लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण १० दिवस पुरतात. म्हणजे एका शैक्षणिक वर्षात संशोधकाला तीसेक पिढ्या पाहता येतात.

थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१०मध्ये पांढऱ्या डोळ्यांची एक माशी शोधली आणि तेव्हापासून हा कीटक जनुकशास्त्राचा मुख्य आधार झाला. मुंबईशीही त्याचे नाते जुने आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे १९७०च्या दशकात त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीला वास आणि चव कशी कळते, यावर केलेले काम जगभर वाखाणले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तर या माशीतील ऑटोफॅजीवरच संशोधन चालते.

पेशीचा मृत्यू नियोजित कसा असतो?

भाजले, चेंगरले, रक्तपुरवठा तुटला की पेशी मरतात, तो अपघात. पण शरीर काही पेशींना ठरवूनही मारते. गर्भात हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हा बोटे सुटी होतात. अशा मृत्यूच्या सर्वात परिचित प्रकाराला १९७२मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. त्यात ‘कॅस्पेज’ नावाची विकरे पेशीतील प्रथिनांना कात्री लावतात, पेशी आक्रसते, तिचे पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. फळमाशीत हा मृत्यू सुरू करणाऱ्या जनुकांची नावे ‘रीपर’, ‘ग्रिम’ आणि ‘हिड’ अशी आहेत. माशीवर काम करणाऱ्यांना नावे ठेवण्याची हौस भारी, त्यातलीच ही.

बराच काळ नियोजित पेशीमृत्यू म्हणजे अपॉप्टोसिसच, असे समीकरण होते. ते फळमाशीच्या कोषात डळमळले.

ऑटोफॅजी तर वाचवणारी यंत्रणा, मग मृत्यूशी संबंध कसा?

ऑटोफॅजी म्हणजे स्वभक्षण. पेशीतला एखादा जुना भाग, बिघडलेली तंतुकणिका किंवा प्रथिनांचा गोळा यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते. ती पिशवी लयकारिकेला, म्हणजे पचनविकरांनी भरलेल्या कप्प्याला जाऊन मिळते. आतला माल विरघळतो आणि सुटा झालेला कच्चा माल पेशी पुन्हा वापरते. ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९६३मध्ये या क्रियेला नाव दिले. ती चालवणारी जनुके मात्र १९९०च्या दशकात जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी शोधली, तीही यीस्टमध्ये. त्यासाठीच त्यांना २०१६चे नोबेल मिळाले. यीस्टला उपाशी ठेवल्यावर काय घडते हे त्यांनी पाहिले. माणसांना उपाशी ठेवून कोणाचा कर्करोग बरा केला, असे त्या कामात कुठेही नाही.

गिरगावातली जुनी उपकरप्राप्त चाळ डोळ्यांसमोर आणा. दुरुस्तीचे कंत्राट निघते, कुजलेली तुळई काढली जाते, टेकू लागतात, चांगले लाकूड दुसऱ्या मजल्यावर वापरले जाते आणि चाळ आणखी काही पावसाळे काढते. पेशीतली नेहमीची ऑटोफॅजी म्हणजे ही दुरुस्ती. पण चाळ पुनर्विकासाला गेली की तीच पहार, तेच कामगार सगळे वासे, सगळ्या तुळया काढतात. हत्यार तेच, हुकूम वेगळा. पेशीतही असा दुसरा हुकूम निघतो का, हा प्रश्न होता.

सूक्ष्मदर्शकाखाली मरत्या पेशी स्वभक्षणाच्या पिशव्यांनी गच्च भरलेल्या दिसत. त्यावरून ‘ऑटोफॅजीने होणारा पेशीमृत्यू’ असा शब्दप्रयोग रूढही झाला. पण आग लागलेल्या इमारतीखाली अग्निशमन दलाची गाडी दिसते, म्हणून आग तिने लावली असे होत नाही. मरणारी पेशी जीव वाचवण्यासाठी शेवटची धडपड करत असेल, तरीही पिशव्या दिसणारच. याचा निवाडा करायचा तर ऑटोफॅजीची जनुके बंद करून पेशी मरते की राहते, ते जिवंत प्राण्यात पाहायला हवे होते.

कोषात लाळग्रंथीचे काय होते?

अळीची माशी होताना कोषात जवळपास नवे शरीर उभे राहते. अळीचे अनेक अवयव मोडीत निघतात, त्यात लाळग्रंथी ठळक. प्राणिशास्त्र शिकलेल्यांना ही ग्रंथी आठवेल, कारण तिच्या पेशींतली महागुणसूत्रे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात आणि प्रात्यक्षिकाला हमखास येतात. अळी कोषात जाण्याआधी ही ग्रंथी एक प्रकारचा डिंक स्रवते. त्यानेच कोष बाटलीच्या काचेला किंवा फळाच्या सालीला घट्ट चिकटतो. त्यानंतर ग्रंथीला काम उरत नाही.

कोष तयार झाल्यापासून सुमारे १० ते १२ तासांनी एकडायसोन या संप्रेरकाची लाट येते. तिच्या हुकमाने ग्रंथीच्या पेशींत कॅस्पेजही जागे होतात आणि ऑटोफॅजीही. साधारण १६व्या तासापर्यंत ग्रंथी नाहीशी झालेली असते. (१६ तासांच्या उपवासाशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने.)

अमेरिकेतील एरिक बेरेके यांच्या प्रयोगशाळेने २००७मध्ये या ग्रंथीवर निर्णायक प्रयोग केले. कीटकांना होणाऱ्या एका विषाणूकडे पी-३५ नावाचे प्रथिन असते आणि ते कॅस्पेजना रोखते. ते ग्रंथीत घातले तर ग्रंथी पूर्ण मोडत नाही, काही भाग उरतो. ऑटोफॅजीची जनुके बिघडवली तरी २४व्या तासालाही ग्रंथीचे अवशेष तसेच. दोन्ही एकदम रोखले, तर ग्रंथी आणखी जास्त टिकते. म्हणजे येथे ऑटोफॅजी नुसती बघ्याची भूमिका घेत नाही. पाडकामात तिचा स्वतंत्र वाटा आहे आणि कॅस्पेजचा वेगळा.

त्याच प्रयोगांतला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे, असे आज मागे वळून पाहताना वाटते. ग्रंथी मोडण्यापूर्वी तिच्या पेशींची वाढ थांबावी लागते. संशोधकांनी ‘वाढत राहा’ असा संदेश देणारी जनुके कृत्रिमरीत्या चालू ठेवली, तेव्हा ऑटोफॅजी दबली आणि संप्रेरकाची लाट येऊनही ग्रंथी शिल्लक राहिली. वाढीचा हा संदेश थांबत नाही, तो आजार म्हणजे कर्करोग.

भुकेची ऑटोफॅजी आणि मृत्यूची ऑटोफॅजी एकच का?

याचे उत्तर २०१०मध्ये मिळाले. फळमाशीत ‘ड्रेपर’ नावाचे एक प्रथिन आहे. मेलेल्या पेशी ओळखून गिळणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ते असते, म्हणजे ते सफाई कामगाराकडचे साधन. बेरेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की लाळग्रंथीत मात्र मरणाऱ्या पेशीलाच ड्रेपर लागते. ते काढले तर तिच्यात ऑटोफॅजी सुरूच होत नाही आणि ग्रंथी उरते.

मग त्यांनी अळीच्या मेदसाठ्याकडे पाहिले. अळी उपाशी राहिली की या अवयवातील पेशी ऑटोफॅजी सुरू करतात. आपले घटक मोडून त्या शरीराला अन्नरस पुरवतात आणि अळी तग धरते. २००४मध्येच टॉमस न्यूफेल्ड यांच्या गटाने दाखवले होते की ही यंत्रणा बिघडलेल्या अळ्यांना उपासमार सोसत नाही. या भुकेच्या ऑटोफॅजीला ड्रेपरची गरज पडत नाही. ते काढले तरी उपाशी अळीत ती व्यवस्थित चालते.

थोडक्यात, पिशवी तीच, लयकारिका तीच, पण बटणे दोन. एक भुकेने दाबले जाते आणि पेशीला जगवते. दुसरे संप्रेरकाच्या हुकमाने, ठराविक अवयवात, ठराविक तासाला दाबले जाते आणि पेशीला संपवते. ‘उपाशी राहा, पेशी मरतील’ हा संदेश पहिले बटण दाबून दुसऱ्याच्या परिणामाची हमी देतो.

आतड्यात वेगळे काय आढळले?

अळीचे मधले आतडे कोष होण्याच्या सुमारास, लाळग्रंथीच्या कित्येक तास आधी मोडू लागते. त्यात कॅस्पेज मोठ्या प्रमाणात सक्रिय असतात. त्यामुळे हा अपॉप्टोसिसच, असे गृहीत धरले जात होते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे डोना डेंटन आणि शरद कुमार यांच्या गटाने २००९मध्ये ते गृहीतक तपासले. कॅस्पेज रोखले, तरी आतडे वेळेवर मोडले. ऑटोफॅजी रोखली, तेव्हा मोडणे लांबले. लाळग्रंथीत दोघांची भागीदारी होती. येथे कॅस्पेज हजर असूनही मुख्य काम ऑटोफॅजीचे निघाले.

गुंतागुंत येथे संपत नाही. २०१३मध्ये दिसले की यीस्टमध्ये अनिवार्य असलेली एटीजी-७ आणि एटीजी-३ ही जनुके आतड्याच्या या ऑटोफॅजीला लागतच नाहीत. त्यांच्याऐवजी यूबीए-१ हे वेगळे विकर काम करते. त्याआधी २००७मध्येही एक नवल नोंदले गेले होते. एटीजी-७ नसलेली माशी कोषातून बाहेर पडते, उडते, पण कमी जगते आणि तिच्या मेंदूतील पेशी झिजतात. उलट मेंदूत एटीजी-८ए हे जनुक जास्त चालवले तर माशीचे आयुष्य वाढते, असे २००८च्या प्रयोगांत आढळले. मरणाचे साधन म्हणून ज्याचा शोध चालला होता, ते मेंदूत दीर्घायुष्याचे साधन ठरले.

अंडाशयातील उदाहरण छोटे पण बोलके आहे. वाढत्या बीजांडाला पोसणाऱ्या पेशी आपला सगळा ऐवज त्याला देऊन मरतात. त्यांच्यात ‘डी-ब्रूस’ नावाचे एक प्रथिन मृत्यूला लगाम घालून बसलेले असते. ऑस्लो येथील संशोधकांनी २०१०मध्ये दाखवले की ऑटोफॅजी हा लगामच खाऊन टाकते आणि मग पेशीच्या डीएनएचे तुकडे पडू लागतात. येथे ऑटोफॅजी इमारत पाडत नाही. ती फक्त पाडकामावरची स्थगिती उठवते.

परळच्या रुग्णाला याचा उपयोग काय?

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. उपचार महिनोन्महिने चालतात आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी कुटुंबे राहतात. हाती मोबाइल, मनात भीती आणि दिवसभर वाट पाहणे. अशा वेळी ‘बिनखर्चाचा’ इलाज सांगणारा संदेश लगेच खरा वाटतो. यात रुग्णाला मूर्ख ठरवण्यासारखे काही नाही. त्या संदेशातला प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर कुठे ना कुठे खरा असतो, घोटाळा जोडणीत असतो.

कर्करोगात ऑटोफॅजीची भूमिका दुहेरी आहे. गाठ होण्यापूर्वी ती बिघडलेला माल काढून टाकते आणि संरक्षण देते. एटीजी-६ या जनुकाचे सस्तन प्राण्यांतले रूप म्हणजे बेक्लिन-१. त्याच्या दोनपैकी एक प्रत नसलेल्या उंदरांना गाठी अधिक होतात, हे २००३मध्ये दिसले. पण गाठ एकदा उभी राहिली, तिच्या आत रक्तपुरवठा अपुरा पडू लागला की कर्करोगाची पेशी याच यंत्रणेने आपला शिधा भागवते आणि औषधांचा मारा सोसते. म्हणूनच अनेक देशांत ऑटोफॅजी वाढवण्याऐवजी ती अडवण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यासाठी वापरलेली क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे मुंबईकराला अनोळखी नाहीत. पहिले मलेरियामुळे ओळखीचे आणि दुसरे कोविडच्या पहिल्या लाटेत गाजलेले. लयकारिकेतील आम्लता घटवून ती स्वभक्षण अर्धवट ठेवतात. या कामासाठी त्यांना अजून नेहमीच्या उपचारांत स्थान मिळालेले नाही, त्यामुळे ती स्वतःहून घेणे धोक्याचे आहे.

राहिला उपवास. पेशीला अन्न आहे की नाही, हे ‘टॉर’ नावाचे प्रथिन जोखते. अन्न असेल तर ते ऑटोफॅजीला दाबून ठेवते. त्याला एकादशी कळत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वरीचा भात पोटात गेला की त्याच्या लेखी ते भरपेट जेवणच. निरोगी माणसाने खरोखर काही तास उपाशी राहण्याचे फायदे-तोटे हा स्वतंत्र विषय आहे. पण माणसाच्या कोणत्या अवयवात कितव्या तासाला ऑटोफॅजी किती वाढली, हे सांगणारी रक्ताची साधी चाचणी दवाखान्यात उपलब्ध नाही. त्यामुळे ‘१६ तासांनी सुरू, ७२ तासांनी शिखर’ अशी वेळापत्रके ज्या खात्रीने वाटली जातात, ती खात्री विज्ञानाकडे नाही.

किमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाचे वजन आणि स्नायू आधीच घटत असतात. वजन फार उतरले तर उपचार सोसवत नाहीत, मात्रा कमी करावी लागते, कधी पुढे ढकलावी लागते. उपचारांच्या काळात ठरवून उपाशी राहण्याचे प्रयोग काही ठिकाणी झाले आहेत, पण ते निवडक रुग्णांवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. धर्मशाळेत बसून मोबाइल पाहून ते करता येत नाहीत. उपवास करायचाच असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयातील आहारतज्ज्ञांना विचारणे आवश्यक ठरते.

या चिलटात पुढे काय शोधले जात आहे?

फळमाशीच्या अळीतही गाठी तयार करता येतात. ऑस्लोतील संशोधकांनी २०१७मध्ये अशा गाठींच्या शेजारच्या निरोगी पेशी तपासल्या. त्या पेशींत ऑटोफॅजी जोरात चालू होती. गाठीच्या सांगण्यावरून निरोगी पेशी स्वतःला मोडत होत्या आणि सुटा झालेला अन्नरस गाठीला मिळत होता. गाठीतली ऑटोफॅजी बंद केली, तर तिच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. शेजाऱ्यांची बंद केली, तेव्हा गाठ खुंटली. अशी खुंटलेली गाठ काढून ऑटोफॅजी शाबूत असलेल्या दुसऱ्या माशीत बसवली, तर ती पुन्हा वाढू लागली.